एसी बदलण्याचे कोटेशन फुगले? या चुका टाळा

ग्वाल्हेरात मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो आणि जानेवारीच्या धुक्यात रात्री तोच 4-5 अंशांवर येतो. त्यामुळे शहराच्या लष्कर भागातील जुन्या मराठी घरांतही आता कूलर आणि हीटर या दोघांच्या जागी एकच ‘हॉट अँड कोल्ड’ एसी बसवण्याकडे कल आहे. जुने यंत्र काढून नवे बसवण्याचे कोटेशन मात्र दर मोसमात वाढलेले दिसते आणि आपण बहुतेक वेळा शेवटच्या आकड्यावरच घासाघीस करतो. पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे.

आमच्या जनकगंजातील घरात माडीवरच्या खोलीसाठी दोन कंत्राटदारांकडून कोटेशन घेतले, तेव्हा एकाच दीड टनाच्या यंत्राच्या दोन आकड्यांत 13,000 रुपयांचे अंतर होते. पहिला माणूस लुबाडतो आहे असे आम्ही दोन दिवस धरून चाललो होतो. तिसऱ्या दिवशी तो टेप घेऊन आला, खिडकीपासून गच्चीपर्यंत मोजून “बाबूजी, लाइन लंबी है” एवढेच म्हणाला आणि टेप माझ्या हातात दिली. त्याने आउटडोअर युनिट गच्चीवर धरले होते आणि तांब्याची नळी 9 मीटर लागत होती. दुसऱ्याने ते खिडकीखालच्या छज्जावर धरून 4 मीटरमध्ये काम उरकले होते. परंतु तो छज्जा पश्चिमेचा, दोन भिंतींच्या बेचक्यात अडकलेला आणि दगडी पाटीचा होता. तिथे गरम हवा बाहेर पडली नसती आणि ती पाटी एवढे वजन किती वर्षे पेलेल हे सांगायला कोणी तयार नव्हते. शेवटी जिन्याच्या बाजूच्या भिंतीवर स्टँड ठोकून साडेपाच मीटरमध्ये काम झाले. हा तिसरा पर्याय दोन्ही कोटेशनांत नव्हता.

म्हणून कोटेशन मागताना यंत्र, तांब्याची नळी, वायर, ड्रेन पाइप, स्टँड, भिंतीला भोक पाडणे, मजुरी, कर आणि जुन्या यंत्राची वजावट या बाबी वेगवेगळ्या लिहून मागाव्यात आणि नळीचा दर मीटरमागे किती तेही लिहून घ्यावे. दीड टनाला साधारणपणे दोन सुती आणि चार सुती (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) अशा दोन नळ्या जोडीने जातात. तांबे महागले की वाढ प्रथम याच ओळीत दिसते आणि ती खरी असते. मात्र “तांबे वाढले” या एका कारणाखाली मजुरीही वाढवलेली असेल तर ओळी वेगळ्या केल्याशिवाय ते उमगत नाही. जुन्या यंत्रातही तांबे असते. ते भंगार कंत्राटदार घेऊन जातो, तेव्हा त्याची वजावट कागदावर दिसलीच पाहिजे.

कराच्या बाबतीत जुन्या कोटेशनाशी तुलना करताना सावध राहावे. 22 सप्टेंबर 2025 पासून एसीवरील जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्के झाला आहे. करापूर्वी 40,000 रुपये असलेले यंत्र पूर्वी 51,200 रुपयांना पडत होते, ते आता 47,200 रुपयांना पडायला हवे. एकूण आकडा पूर्वीइतकाच असेल तर मूळ किंमत वाढलेली आहे, आणि ती का वाढली हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. बिल न घेता कर वाचवण्याचा प्रस्ताव येतोच. त्यात वॉरंटी जाते.

ताऱ्यांचे गणितही असेच फसवे आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने 1 जानेवारी 2026 पासून एसीचे तारांकन अधिक कडक केले, त्यामुळे आधीच्या लेबलचा पाच तारी एसी नव्या मोजणीत चार तारी ठरतो. दोन कोटेशनांत “पाच तारी, दीड टन” एवढेच लिहिलेले असेल आणि एक आकडा बराच कमी असेल, तर लेबलवरील कालावधी आणि आयएसईईआर हा मोसमभराची वीज-कार्यक्षमता सांगणारा आकडा विचारावा. जुना माल घेण्यात गैर काही नाही. फक्त तो जुन्या मालाच्या भावात मिळाला पाहिजे.

आता बचतीच्या नावाखाली होणाऱ्या चुकांकडे वळतो, कारण आकडा वाढला की आपणच काही ओळी काढून टाकायला सांगतो. भिंतीत गाडलेली जुनी नळी वापरा, असा आग्रह बरेच घरमालक धरतात. जुने यंत्र आर-22 या थंडावा देणाऱ्या वायूचे असेल तर हा आग्रह सोडावा. त्या वायूवर नवी यंत्रे बनवणे 2024 अखेरीस बंद झाले आहे, आणि नव्या यंत्रातील आर-32 वायूचा दाब आर-22 पेक्षा दीडपटीहून अधिक असतो. शिवाय जुन्या नळीत वेगळ्या जातीचे तेल राहिलेले असते. व्हॅक्यूम पंप लावण्याचे पैसे वाचवणे ही त्याहून वाईट चूक आहे. नळीतील हवा आणि ओल पंपाने काढण्याऐवजी थोडा वायू सोडून “हवा मारली” की काम दहा मिनिटांत होते. पुढे ओल आतच राहते आणि दोन वर्षांनी कॉम्प्रेसर तक्रार करू लागतो. पंप चालू असताना मी स्वतः शेजारी खुर्ची टाकून बसलो होतो. मिस्त्रीला ते आवडले नाही, पण काट्यावर दाब उतरून स्थिर राहिलेला मला दिसला.

बदलण्याआधी यंत्र खरोखर गेले आहे का, हे तपासणेही पुष्कळदा राहून जाते. बाहेरचे युनिट नुसते गुणगुणते आणि पंखा फिरत नाही, तेव्हा दोष बहुधा कपॅसिटरचा असतो, आणि तो सुटा भाग स्वस्त आहे. “गॅस संपला” या निदानावर तर कधीच विश्वास ठेवू नये. बंद नळीतील वायू वापराने संपत नाही, तो कुठून तरी गळतो. साबणाचे पाणी लावून फ्लेअरचे (नळीचे टोक फाकवून केलेले) सांधे तपासल्याशिवाय पुन्हा वायू भरला, तर पुढच्या मोसमात तेच बिल परत येईल.

टनांबाबत आमच्याकडे एक खास अडचण आहे. दगडी पाट्यांचे छत दिवसभर तापते आणि रात्री बारापर्यंत उष्णता खाली सोडत राहते, म्हणून कंत्राटदार वरच्या मजल्याला सरसकट दोन टन सांगतो. गच्चीला दाट पांढरा चुना किंवा उष्णतारोधक रंग दिल्यावर आमच्या 130 चौरस फुटांच्या खोलीला दीड टन पुरला. हा रंग एप्रिलआधी द्यावा आणि कोटेशन त्यानंतर मागावे.

हिवाळ्याच्या बाबतीत अपेक्षा मोजून ठेवाव्यात. हॉट अँड कोल्ड यंत्र बाहेरच्या हवेतील उष्णता आत ओढते, म्हणून एका युनिट विजेत ते साध्या हीटरच्या दुप्पट-तिप्पट ऊब देते. पण धुक्याच्या ओल्या पहाटे बाहेरच्या कॉइलवर हिम धरते आणि ते वितळवण्यासाठी यंत्र काही मिनिटे गरम हवा बंद ठेवते. तो बिघाड नाही, त्यासाठी मिस्त्रीला बोलावून भेटीचे पैसे देऊ नयेत. घरात फक्त पंधरा-वीस रात्रीच हीटर लागत असेल, तर या सोयीसाठी किती जास्त मागितले आहे हे नुसत्या थंड हवेच्या यंत्राचे कोटेशन शेजारी ठेवूनच ठरवावे.

राहता राहिली वेळ. मे महिन्यात मिस्त्री दिवसाला चार घरे करतो आणि त्याला पाचव्याची गरज नसते. ऑक्टोबरात किंवा फेब्रुवारीत त्याच्याकडे टेप धरायला वेळ असतो. कोटेशनची मुदत मात्र तेव्हाही लिहून घ्यावी, नाहीतर पंधरा दिवसांनी “रेट बदल गया” हे ऐकावे लागते.