सूर मारताना जेट इंजिन विझतंय? या चुका टाळा

डीसीएससारख्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये (विमान उडवण्याचा संगणकी खेळ, थोडक्यात सिम) सहा हजार मीटरवरून खाली लक्ष्य दिसतं. स्टिक (विमान वळवणारा दांडा) पुढे ढकलायची, थ्रॉटल (इंजिनाची शक्ती ठरवणारा दांडा) झटक्यात मागे घ्यायचं, आणि पाच सेकंदांत कॉकपिट चिडीचूप. दोष सुराला दिला जातो, पण इंजिन ऐन सुरात क्वचितच विझतं. ते विझतं सुरात शिरताना, नाहीतर सुरातून बाहेर येताना. दोन्ही वेळी कारण बहुधा हाताची घाई असते.

आधी काटे बघा

आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आणि टर्बाइनमागच्या वायूचं तापमान, हे दोन काटे पुरेसे आहेत. दोन्ही एकत्र घसरत असतील आणि आरपीएम आयडलच्याही, म्हणजे इंजिनाच्या किमान चालत्या वेगाच्याही, खाली चालला असेल, तर ज्योत खरंच विझली आहे, म्हणजे फ्लेमआउट. आरपीएम पडलाय किंवा अडकलाय पण तापमान चढतंय आणि मागून धडधड ऐकू येतेय, तर तो कॉम्प्रेसर (इंजिनात हवा दाबणारा पंखा) स्टॉल. यात ज्योत शाबूत असते, बिघडलेला असतो हवेचा प्रवाह. अशा वेळी पुन्हा पेटवण्याची बटणं दाबण्यात अर्थ नाही. थ्रॉटल आयडलवर आणा, स्टिक सैल सोडा, विमान सरळ हवेत जाऊ द्या. एवढं करूनही तापमान उतरलं नाही, तरच इंजिन बंद करून पुन्हा पेटवा, नाहीतर टर्बाइन जळेल.

तिसरी शक्यता बरेच जण तपासतच नाहीत. आरपीएम आयडलला येऊन तिथेच स्थिर राहिला, तर इंजिन ठणठणीत आहे. सिमला थ्रॉटलचा आकडाच चुकीचा मिळतोय. डीसीएसमध्ये उजवं कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबलं की स्क्रीनवर कंट्रोल्सची छोटी चौकट येते. हात स्थिर ठेवा आणि थ्रॉटलची पट्टी बघा. ती स्वतःहून उडत असेल, तर एकाच थ्रॉटलवर दोन उपकरणं बसली आहेत. नवं पेडल किंवा स्टिक जोडली की डीसीएस त्यांचे अ‍ॅक्सिस आपणहून थ्रॉटलसारख्या कामांना लावून टाकतं, आणि सुरात पायडल दाबलं की थ्रॉटल पडतं. ऑप्शन्समध्ये कंट्रोल्स, तिथे विमान निवडून अ‍ॅक्सिस कमांड्स उघडा. थ्रॉटलच्या ओळीत एकच रकाना भरलेला हवा, बाकीचे पुसा. हे प्रत्येक विमानासाठी वेगळं करावं लागतं. थ्रस्टमास्टर वॉर्थॉगसारख्या थ्रॉटलवर आणखी एक सापळा आहे: दांडा उचलून आयडलच्या खाचेमागे नेला की इंधनच तुटतं. घाईत हात तिथवर जातो.

चूक: स्टिक पुढे ढकलून सुरात शिरणं

सगळ्यात जास्त इंजिनं इथेच जातात. नाक जोरात खाली दाबलं की निगेटिव्ह जी तयार होतो, म्हणजे भार उलटा, वरच्या दिशेने पडतो. टाकीतलं इंधन छताला चिकटतं आणि तळाच्या पंपाच्या तोंडाशी हवा येते. लढाऊ विमानांत यासाठी इंजिनाजवळ छोटी टाकी असते. ती उलट्या स्थितीतही इंधन देते, पण मोजकेच सेकंद. आफ्टरबर्नर (मागे जादा इंधन जाळून जोर देणारी सोय) चालू असेल तर ती आणखी लवकर रिकामी होते. ही मर्यादा विमानागणिक बदलते आणि मॅन्युअलमधल्या मर्यादांच्या प्रकरणात दिलेली असते.

उपाय जुना आणि साधा आहे. विमान १२० ते १५० अंश कलवा, स्टिक *मागे ओढून* नाक लक्ष्याकडे आणा, मग सरळ करा. ओढताना जी पॉझिटिव्ह राहतो, इंधन तळाशीच बसतं, शिवाय लक्ष्य कॅनोपीतून दिसत राहतं. ढकलायचंच असेल तर जी-मीटरचा काटा ०.५ च्या खाली जाऊ देऊ नका. टाकीत थोडंच इंधन उरलं असेल तर जी पॉझिटिव्ह असूनही नाक खाली गेल्यावर ते पुढे सरकू शकतं. कमी इंधनावर लांब, तीव्र सूर नकोच.

चूक: उंचावर थ्रॉटल झटकणं

थ्रॉटल एकदम मागे घेतलं की इंधन लगेच कमी होतं. कॉम्प्रेसर मात्र जड असतो, तो फिरत राहतो आणि हवा फेकत राहतो. मिश्रण इतकं पातळ होतं की ज्योत टिकत नाही. वरच्या विरळ, थंड हवेत तर ती आधीच नाजूक असते. उलट, थ्रॉटल एकदम पुढे मारलं तर इंधन आधी पोचतं आणि हवा मागून येते, मग तापमान उसळतं किंवा कॉम्प्रेसर स्टॉल होतो.

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन जेट मेसरश्मिट २६२ चं युमो ००४ इंजिन याबाबतीत सगळ्यात नाठाळ. कमाल वेग ८७०० आरपीएम, पण ६००० च्या खाली दांडा अक्षरशः मिलिमीटरने सरकवावा लागतो. मिग-१५ किंवा एफ-८६ सेबर या जुन्या जेटवरही हात हलकाच ठेवा. एफ-१६, एफ/ए-१८ यांच्या कंट्रोल यंत्रणा पुष्कळ चुका पोटात घालतात. त्यामुळे त्यांच्यावर शिकलेला माणूस जुन्या जेटवर हमखास फसतो.

शक्ती सूर सुरू होण्याआधीच कमी करा, चार-पाच सेकंद घेऊन. आयडलपर्यंत नेऊ नका, ८० ते ८५ टक्क्यांवर थांबा आणि उरलेला वेग एअरब्रेकने (हवा अडवणाऱ्या, उघडणाऱ्या फळ्यांनी) मारा. मिग-१५ वर ०.९२ माखला (ध्वनिवेगाच्या ०.९२ पट) एअरब्रेक आपोआप उघडतात, तेव्हा ते उघडले म्हणून दचकू नका.

चूक: बाहेर पडताना सगळं एकदम करणं

जोरात ओढलं की हवा इनटेकमध्ये (इंजिनाच्या हवा घेणाऱ्या तोंडात) तिरकी शिरते. त्यात पायाने रडर (शेपटीचं सुकाणू) दाबलं तर एका इंजिनाला आणखी वाईट हवा मिळते. त्यातच आफ्टरबर्नर पेटवला की एफ-१४ए चं टीएफ-३० इंजिन हमखास नखरे करतं. एक इंजिन गेलं, दुसरं पूर्ण जोरात, म्हणजे फ्लॅट स्पिनला (आडवं गरगरत खाली पडण्याला) आमंत्रण. आधी ओढा, पाय मध्यावर ठेवा, नाक क्षितिजावर आल्यावरच शक्ती वाढवा.

तोफेचा धूरही कारण ठरतो. ब्रिटिश लढाऊ विमान हॉकर हंटरच्या पहिल्या आवृत्तीत उंचावर तोफा चालवल्या की एव्हन इंजिन सर्ज होत असे, म्हणजे हवेचा प्रवाह उलटत असे. शेवटी तोफ चालताना इंधन क्षणभर कमी करणारी व्यवस्था बसवावी लागली.

विझलंच तर

साधा हिशोब: ताशी ९०० किमी वेगाने ६० अंशांच्या सुरात विमान सेकंदाला सुमारे २१७ मीटर खाली जातं. ३००० मीटर म्हणजे जेमतेम १४ सेकंद, आणि ५ जी ओढून बाहेर पडायलाच साधारण ७५० मीटर लागतात. इंजिन पेटून वेग धरायला यापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून आधी सुरातून बाहेर या, मग इंजिनाकडे बघा.

१. थ्रॉटल कट-ऑफवर (इंधन बंद). मागचं इंधन तसंच साचलं तर पेटताना तापमान लाल रेषेपलीकडे जातं.
२. नाक थोडं खाली ठेवून वेग राखा. वाऱ्याने कॉम्प्रेसर फिरत राहिला पाहिजे.
३. हवा फार विरळ असेल तर खाली या. एफ-१६ वर जेएफएस (इंजिन फिरवून देणारा छोटा स्टार्टर) वापरायचा तर २०,००० फूट आणि ४०० नॉट्सच्या आत.
४. तापमान उतरू द्या, इग्निशन किंवा एअर-स्टार्ट स्विच चालू करा. मिग-२१ मध्ये याच वेळी ज्योतीला ऑक्सिजनही मिळतो.
५. थ्रॉटल आयडलवर आणून थांबा. तापमान आधी चढतं, आरपीएम मागून येतो. आरपीएम आयडलला स्थिर होईपर्यंत दांड्याला हात लावू नका.