कँडिड स्ट्रीट फोटो: एक्स्पोजर जमतं, क्षण निसटतो? या चुका टाळा

कमानीखाली एक बाबा वाकून मुलीच्या बुटाची नाडी बांधत होते. तोल जाऊ नये म्हणून तिने त्यांचे केस मुठीत गच्च धरलेले. मी कॅमेरा डोळ्याला लावला, फोटो काळा येणार हे दिसलं, डायल फिरवली, पुन्हा बघतो तर नाडी बांधून झालेली. माझ्याकडे त्या जागेचा एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) अगदी नेमका असलेला फोटो आहे. त्यात दोघं पाठमोरे चाललेत.

माणूस समोर आल्यावर सेटिंगला हात घालणं, ही पहिली चूक. माणसं क्षणाक्षणाला बदलतात, उजेड सहसा नाही. रस्त्यावर आलात की आधी उन्हाचं आणि सावलीचं माप घेऊन ठेवा. लख्ख उन्हात आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) ४०० आणि एफ/८ (लेन्सचं छिद्र किती उघडं ते) ला शटर (उजेड किती वेळ आत येतो ते) साधारण १/१६०० सेकंद येतं. मोकळ्या सावलीत तेच १/२०० च्या आसपास, म्हणजे जवळपास तीन स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). माप घ्यायला कुणावर कॅमेरा रोखायचीही गरज नाही. त्याच उजेडात स्वतःचा तळहात धरून मोजा आणि रीडिंगपेक्षा एक स्टॉप जास्त द्या, कारण कॅमेरा प्रमाण धरतो त्या मधल्या करड्या टोनपेक्षा तळहात साधारण तेवढा उजळ असतो.

सगळं मॅन्युअलवरच करायचं, हा हट्ट मला पटत नाही. ऊन-सावलीतून सतत ये-जा असेल तर ऑटो आयएसओ लावा, पण त्यात किमान शटर स्पीड ठरवून द्या. ते न केल्याने बरेच फोटो वाया जातात. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर (छिद्र तुम्ही, शटर कॅमेरा ठरवतो) आयएसओ २०० ला अडकलेला कॅमेरा सावलीत एफ/८ ला गुपचूप १/१०० वर उतरतो आणि धावणारं पोर पुसट येतं. चालणाऱ्या माणसाला १/२५०, पळापळ असेल तर १/५०० किंवा वर. ग्रेन (फोटोतले दाणे) आला तर येऊ द्या.

फोटो हलला म्हणून लगेच लेन्सला दोष देऊ नका. मागची भिंत बघा. भिंत स्वच्छ आणि माणूस ओढल्यासारखा असेल, तर शटर कमी पडलं. भिंतीसकट सगळंच एका दिशेला सरकलं असेल, तर हात हलला. भिंत धारदार आणि चेहरा कुठेही न ओढता नुसताच मऊ दिसत असेल, तर फोकस मागे गेला. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. फोकस हुकत असेल तर ऑटोफोकस बंदच करून बघा. फुल-फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरचा कॅमेरा) ३५ मिमी लेन्स एफ/८ ला ३ मीटरवर लावून ठेवली की साधारण १.९ ते ७.३ मीटरपर्यंतचं सगळं चालण्याजोगं स्पष्ट येतं. मग फक्त अंतराचा अंदाज लागतो, आणि तो आठवडाभरात हाताला बसतो.

पांढरे शर्ट हा वेगळाच ताप. मागे अंधारी बोळ, पुढे उन्हात पांढरा शर्ट, आणि कॅमेरा अंधाराकडे बघून एक्स्पोजर वाढवतो. शर्टाचा कोरा कागद होतो. अशा जागी एक्स्पोजर कम्पेन्सेशन (कॅमेऱ्याच्या मापात आपण केलेली कमी-जास्त) उणे २/३ ते उणे १ ठेवा आणि रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) काढा. सावलीतलं नंतर बरंच वर काढता येतं, पूर्ण पांढरं झालेलं परत येत नाही. स्पॉट मीटरिंग (एका ठिपक्यावरूनच उजेड मोजणं) मात्र घाईत नकोच. ठिपका चेहऱ्यावरून केसांवर सरकला की सगळं बदलतं.

आणि दर क्लिकनंतर स्क्रीनकडे बघणं सोडा. मान खाली जाते तेव्हाच समोरचं हसू फुटतं. मी प्रिव्ह्यू बंद करून टाकलाय. नवीन जागी पहिले दोन फोटो हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) बघून तपासतो, पुढचे थेट घरी. त्या कमानीखाली पुन्हा गेलो तेव्हा १/२५०, एफ/४, आयएसओ ४०० आधीच लावून उभा होतो. अर्धा तास कुणीच आलं नाही.