६१७४ चा "चमत्कार" फॉरवर्ड करण्याआधी घरी बसून स्वतः सिद्ध करा, कसं ते सांगतो

चार अंकी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा, मोठीतून लहान वजा करा, आणि जे उत्तर येईल त्याला परत तेच करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४, आणि आता पुढे कितीही वेळा करत बसा, ६१७४ च येत राहणार.

हे व्हॉट्सअ‍ॅपवर सारखं फिरत असतं, पुष्कळदा वर "वैदिक गणिताचा चमत्कार" असं लिहिलेलं असतं, आणि ते वाचून मला खरंच वाईट वाटतं कारण हे शोधलं आपल्या देवळालीतल्या एका शाळामास्तरांनी. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५ चा, डहाणूचा, शिक्षण फर्ग्युसनला, १९३० ते १९६२ देवळालीत शिकवलं, आणि ही गोष्ट त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडली. एमएससी नाही, पीएचडी नाही, विद्यापीठातली नोकरी नाही. आपल्याकडच्या बऱ्याच गणितज्ञांना त्यांचं काम पोरखेळ वाटायचं, ते स्वतःच्या पैशाने पुस्तिका छापायचे, आणि १९७५ साली अमेरिकेत गणिताच्या कोड्यांचं सदर चालवणाऱ्या मार्टिन गार्डनरने त्यांच्यावर लिहिलं तेव्हा कुठे जगभर नाव झालं. डोंबिवली स्टेशनवर सुचलेल्या एका कल्पनेला त्यांनी डेम्लो संख्या असं नाव दिलंय (डेम्लो हे डोंबिवली स्टेशनचंच जुनं नाव), म्हणजे माणूस लोकलची वाट बघताना पण आकड्यांशीच खेळत असणार.

तर मुद्दा असा की ६१७४ "का" येतं हे कळायला आठवीचं बीजगणित पुरतं, पण बहुतेक लोक दोन-तीन संख्या करून बघतात, भारी आहे म्हणतात आणि पुढच्या व्हिडिओवर जातात. स्वतःहून गणित शिकायचंय असं म्हणणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की दहा विषय अर्धवट बघण्यापेक्षा हे एक कोडं तळापर्यंत न्या, सिद्धता म्हणजे काय ते यात हाताला लागतं.

सुरुवात चौकोनी वहीत, हाताने. कॅल्क्युलेटर चालेल पण प्रोग्राम लगेच लिहायचा नाही. आठ-दहा संख्या करा, प्रत्येक पायरी लिहा, आणि बाजूला किती पायऱ्या लागल्या ते पण. १००४ नक्की करून बघा, ती सगळ्यात लांबच्या रस्त्याने जाते: ४०८६, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. सात पायऱ्या. सातपेक्षा जास्त कधीच लागत नाहीत, पण हे माझ्या सांगण्यावरून मानू नका, थोड्या वेळाने तुम्हीच दाखवून द्याल.

इथे एक वाद हमखास होतो, तो आधीच मिटवू. २१११ घ्या. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. आता एक जण म्हणतो ९९९ मधून ९९९ गेले, शून्य, झाला नियम खोटा! दुसरा म्हणतो नाही, ते ०९९९ धरायचं, मग ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, मग ८०८२, ८५३२, आणि ६१७४. दोघांची वजाबाकी बरोबरच आहे, नियम वेगवेगळा धरलाय एवढंच. कापरेकरांच्या नियमात चार जागा कायम चारच राहतात, पुढचं शून्य टाकायचं नाही. गणितावरच्या निम्म्या भांडणांत मी हेच बघतो की वाद उत्तरावर चाललेला असतो आणि मुळात नियम कोणी नीट लिहिलेलाच नसतो, त्यामुळे वहीच्या पहिल्या पानावर नियम पूर्ण वाक्यात लिहून ठेवा, अगदी शून्याचं काय करायचं त्यासकट.

आता महत्त्वाची गोष्ट. चार अंकी अडलं की चार अंकीवरच डोकं आपटत बसू नका, तीन अंकीवर या.

तीन अंक मोठ्यापासून लहानाकडे अ, ब, क धरा. मोठी संख्या १००अ + १०ब + क, लहान संख्या १००क + १०ब + अ. वजा केली की मधला ब उडूनच जातो, उरतं ९९ गुणिले (अ − क). बास! मधला अंक काहीही असो, उत्तर फक्त पहिल्या आणि शेवटच्या अंकातल्या फरकावर ठरतं, आणि तो फरक १ ते ९ एवढाच असू शकतो. म्हणजे तीन अंकी संख्या शेकड्यांनी असल्या तरी पहिल्याच वजाबाकीनंतर फक्त नऊ उत्तरं शक्य आहेत: ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२, ८९१. आता या नऊंचं पुढे काय होतं ते बघा. ०९९ वरून ८९१, तिथून ७९२, मग ६९३, मग ५९४, मग ४९५, आणि ९५४ वजा ४५९ परत ४९५. राहिलेल्या १९८, २९७, ३९६ यांचे अंक अनुक्रमे ८९१, ७९२, ६९३ चेच आहेत, त्यामुळे त्या पण त्याच वाटेला लागतात. संपलं, सिद्ध झालं, एकही संख्या सुटली नाही. तीन अंकींचा मुक्काम ४९५, जास्तीत जास्त सहा पायऱ्या, आणि हे सगळं अर्ध्या पानात मावतं. हे अर्धं पान स्वतःच्या अक्षरात लिहा, नुसतं वाचून "हो कळलं" म्हणू नका, कारण लिहितानाच कळतं की कुठली ओळ आपण नुसती मान डोलावून पुढे ढकलली होती.

मग लगेच दोन अंकी करा. तिथे ०९ वरून ८१, ६३, २७, ४५ आणि परत ०९, नुसतं गोल गोल! एकही संख्या मुक्कामाला थांबत नाही. हे मुद्दाम करायला सांगतोय, कारण तीन आणि चार अंकी करून झालं की माणूस धरूनच चालतो की प्रत्येक ठिकाणी असा एक जादूई आकडा असणारच, आणि तसं काही नाहीये.

आता चार अंकी. अंक मोठ्यापासून लहानाकडे अ, ब, क, ड. वजाबाकी मांडली की येतं ९९९(अ − ड) + ९०(ब − क). पहिल्याला आपण बाहेरचा फरक म्हणू, दुसऱ्याला आतला फरक. बाहेरचा १ ते ९, आतला ० पासून बाहेरच्या फरकापर्यंत, त्यामुळे एकूण जोड्या २ + ३ + ... + १० म्हणजे ५४. विचार करा, ९९९० संख्या तपासायच्या होत्या त्या ५४ वर आल्या! आणि त्यातही पुष्कळ उत्तरांचे अंक तेच असतात, फक्त जागा बदललेल्या, म्हणजे जोडी (४, १) ची ४०८६ आणि (६, १) ची ६०८४, पुढच्या पायरीला दोन्ही ८६४० च होणार. अशा एकत्र केल्या की ३० च उरतात.

३० ओळींचा तक्ता एका बैठकीत होतो. डावीकडे जोडी, मग उत्तर, मग ते उत्तर उतरत्या क्रमाने, मग त्याची नवीन जोडी. १००४ चाच रस्ता जोड्यांमध्ये असा दिसतो: (४, १), (८, २), (७, ५), (४, ०), (६, ३), (४, २), (६, २). आणि (६, २) ला ५९९४ अधिक १८० म्हणजे ६१७४, उतरता क्रम ७६४१, बाहेरचा फरक ६, आतला २, म्हणजे परत (६, २). पोचली. तक्ता झाला की एका मोठ्या कागदावर जोड्या लिहून बाण काढा, सगळे बाण शेवटी (६, २) ला येऊन मिळतात, आणि सगळ्यात लांब साखळी मोजली की सात पायऱ्यांचं पण उत्तर मिळतं. हे चित्र घरातल्या आठवी-नववीतल्या पोरांबरोबर काढा, पोरं बाण जोडायला आपल्यापेक्षा फास्ट असतात.

एवढं झाल्यावर कॉम्प्युटर काढा. पायथनमध्ये दहा-पंधरा ओळींचा प्रोग्राम, ०००० ते ९९९९ सगळ्या संख्या फिरवायच्या, सारखे अंक असलेल्या दहा सोडायच्या. कोडिंग येत नसेल तर एक्सेलमध्ये पण जमतं.

यावर दुसरा वाद: प्रोग्रामने सगळ्या तपासल्या तर ती सिद्धता का? माझं मत, इथे हो, कारण संख्या मोजून ९९९० आहेत आणि आपण एकही सोडली नाही (प्रोग्राम बरोबर असला म्हणजे झालं). पण हीच सवय सगळीकडे लावली की फसायला होतं. न² + न + ४१ हे करून बघा, न ला ०, १, २, ३ अशा किमती देत जा, ३९ पर्यंत प्रत्येक वेळी मूळ संख्याच येते, चाळीस उदाहरणं बरोबर, आणि ४० ला येतं १६८१, म्हणजे ४१ चा वर्ग. तसंच ते कोलाट्झचं कोडं, संख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा, शेवटी १ येतोच का? २ च्या ६८ व्या घाताच्याही पुढपर्यंत तपासून झालंय, तरी ते अजून सिद्ध झालेलं नाही कारण तिथे संख्या संपतच नाहीत. कोणी "मी लाखभर उदाहरणं तपासली" म्हणालं की एवढंच विचारा, एकूण किती होती?

आणि तिसरा वाद, हा जरा जिव्हारी लागणारा आहे: असल्या अंकांच्या खेळात खरं गणित असतं का? रामानुजनना केंब्रिजला बोलावणाऱ्या हार्डीनेच १९४० मध्ये लिहिलंय की ८७१२ ही २१७८ च्या चौपट आणि ९८०१ ही १०८९ च्या नऊपट, म्हणजे उलट्या लिहिलेल्या संख्येच्या पटीत, असल्या गोष्टी कोड्यांच्या सदराला ठीक पण त्यात गणितज्ञाला भावेल असं काही नाही. त्याचा मुद्दा मला कळतो, ६१७४ हे आपण दहाच्या पद्धतीत लिहितो म्हणून आहे, निसर्गाचा नियम नव्हे. पण स्वतः शिकणाऱ्यासाठी कसोटी वेगळी असावी असं मला ठामपणे वाटतं. वरती आपण काय काय केलं बघा, नियम नेमका लिहिला, छोट्या केसवर गेलो, ९९९० चं ५४ केलं, तपासणं आणि सिद्ध करणं वेगळं काढलं, आणि यासाठी ना क्लास लागला ना फी. हे हत्यार मोठ्या गणितात पण हेच असतं.

कोणाशी तरी बोला मात्र, एकट्याने करत बसू नका. आपली सिद्धता दुसऱ्याला देताना "बरोबर आहे का" असं विचारलं की लोक हो म्हणून मोकळे होतात, त्याऐवजी "यात भोक शोध" म्हणा, आणि सापडलं तर त्याचं नाव वहीत लिहा. आणि उत्तर नेटवर शोधायचंच असेल तर निदान आपला तक्ता अर्धा भरल्यावर शोधा, आधी नको.

पुढे पाच अंकी घ्या. तिथे एकही मुक्काम नाही, फेरे आहेत, त्यातला सगळ्यात छोटा ५३९५५ आणि ५९९९४ यांचा, दोघी एकमेकींकडे जातात. अजून दोन फेरे आहेत, प्रत्येकात चार-चार संख्या, ते मी सांगत नाही. सहा अंकीत मात्र मजा आहे, ५४९९४५ आणि ६३१७६४ दोन्ही स्वतःकडेच परत येतात, मग सगळ्या सहा अंकी संख्या या दोघींपैकी एकीकडेच जाणार का? ४२०८७६ पासून सुरू करा, किमान सात पायऱ्या तरी करा, आणि काय दिसतं ते लिहून ठेवा.