वाचलेल्या लेखावर प्रतिक्रिया लिहायची कशी? शिक्षण, संस्कृती, अन्न आणि पर्यावरण

पदवीच्या पहिल्या वर्षाला असाल किंवा मुक्त विद्यापीठाचा स्वाध्याय लिहीत असाल, 'दिलेला लेख वाचून आपली प्रतिक्रिया लिहा' हा प्रश्न कधी ना कधी समोर येतोच. बहुतेक उत्तरांत पाऊण भाग सारांशाचा असतो आणि शेवटी एक ओळ येते: 'लेख खूप आवडला, आपण सर्वांनी यातून बोध घ्यावा.' अशा उत्तरात लेख दिसतो, वाचणारा कुठेच दिसत नाही. लेखकाचे नेमके कोणते म्हणणे तुम्ही उचलले, ते कशाच्या आधारावर पटले किंवा पटले नाही, आणि लेखात न आलेले काय तुमच्या ध्यानात आले, हे प्रतिक्रियेतून कळायला हवे.

आधार म्हणजे आणखी चार पुस्तके असा अर्थ घेऊ नका. ज्या गावात राहता तिथे लेखातला दावा टिकतो का, हे पाहणे हा सर्वात भक्कम आधार. नाशिकमध्ये शिकणाऱ्याला तर या चारही विषयांचे दाखले सिटी बसच्या तिकिटात मिळतात.

पहिले वाचन पेन्सिलीशिवाय

लेख एकदा सलग वाचा, मध्ये थांबू नका. पेन्सिल हातात असली की पहिल्याच पानावर सगळे महत्त्वाचे वाटते आणि अर्धे पान अधोरेखित होते. दुसऱ्या वाचनात समासात फक्त तीन खुणा करा: पटले तिथे बरोबरची खूण, शंका आली तिथे प्रश्नचिन्ह, आणि लेखक पुरावा न देता पुढे गेला असेल तिथे फुली. चार पानांच्या लेखात दहाच्या वर खुणा झाल्या, तर तुम्ही काहीच निवडलेले नाही. खोडा आणि पुन्हा करा.

मग लेख मिटून टिपणवहीत त्याचा मुख्य दावा पंचवीस शब्दांत लिहा. विषय लिहू नका, दावा लिहा. 'लेख शालेय शिक्षणावर आहे' हा विषय झाला. 'मुले शाळेत येतात, पण वाचायला शिकत नाहीत, कारण शिकवणे इयत्तेप्रमाणे होते, मुलाच्या पातळीप्रमाणे होत नाही' हा दावा. तो लिहिता आला नाही, तर प्रतिक्रिया सुरू करू नका. पुढचे सगळे इथेच अडते.

एकच वाक्य पकडा

खुणा केलेल्यांतून एक वाक्य निवडा आणि पान क्रमांकासह जसेच्या तसे उतरवून घ्या. ज्यावर दोन समंजस माणसांचे मतभेद होऊ शकतात असेच वाक्य घ्या. 'निसर्गाचे रक्षण केले पाहिजे' याला कोणी नाही म्हणणार नाही, म्हणून त्यावर लिहिण्यासारखेही काही नसते. कारण सांगणारी वाक्ये सर्वात उपयोगी, म्हणजे ज्यांत 'यामुळे', 'म्हणून', 'कारण' असे शब्द येतात. लेखकाचे कारण चुकीचे किंवा अपुरे असू शकते, आणि तिथेच तुम्हाला बोलायला जागा मिळते.

बाहेर जाऊन ताडून पाहा

ही पायरी विद्यार्थी हमखास गाळतात. एक ठिकाण निवडा आणि तिथे अर्धा तास थांबा. वार, वेळ आणि जागा लिहा, आणि काहीतरी मोजा. लेख पारंपरिक धान्यांवर असेल तर गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात जा: नागली (म्हणजे नाचणी), वरई, बाजरी किती जणांकडे आहे, भाव काय, घेणारे कोण? 'बाजारात नागली फारशी दिसली नाही' या वाक्याला वजन नाही. 'बुधवारी सकाळी धान्याच्या इतक्या विक्रेत्यांपैकी इतक्यांकडेच नागली होती' याला आहे, कारण दुसरा कोणीही जाऊन ते तपासू शकतो.

एका बुधवारवरून जिल्ह्याचा निष्कर्ष मात्र काढू नका. पाहिले तेवढेच लिहा. विक्रेत्याशी बोललात तर त्याचे नाव न घालता 'एका विक्रेत्याच्या म्हणण्यानुसार' एवढे पुरे.

अन्न: चवीपाशी थांबू नका

अन्नावरच्या लेखाला प्रतिक्रिया देताना आजीच्या हातची भाकरी आठवते आणि सगळा परिच्छेद आठवणीत जातो. आठवण एका वाक्याची असू द्या. पुढे विचारा: हे पिकवते कोण, ते ताटात येते कोणत्या वाटेने, आणि परवडते कोणाला?

समजा लेखाचा दावा आहे की नागली मागे पडली ती लोकांची आवड बदलल्यामुळे. कमकुवत प्रतिक्रिया अशी असते: 'हे वाचून वाईट वाटले. नागली पौष्टिक असल्याने सर्वांनी ती खावी.' त्याऐवजी हे पाहा:

'लेखिकेचे म्हणणे मला अर्धेच पटते. पेठ, सुरगाण्याकडे नागली आजही पिकते, म्हणजे खाणारे संपलेले नाहीत. पण आमच्या रेशन दुकानात गहू आणि तांदूळ मिळतो, नागली मिळत नाही. जे धान्य दर महिन्याला घरात येते त्याचीच सवय लागते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्याचाही उल्लेख आहे. ते दुकानापर्यंत का पोचले नाही, याबद्दल लेखात काही नाही.'

सहा वाक्यांत भूमिका, परिसरातला पुरावा, स्वतःची पाहणी, वेगळे कारण आणि लेखाला विचारलेला प्रश्न, सगळे आले. 'आमच्या' हा शब्द मुद्दाम आहे. तो काढला तर एका दुकानाची गोष्ट साऱ्या राज्याची होते.

शालेय पोषण आहारावरचा लेख असेल तर 'पौष्टिक' या विशेषणावर विसंबू नका, ठरलेले प्रमाण पाहा. पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. सहावी ते आठवीसाठी धान्य १५० ग्रॅम, डाळ ३० ग्रॅम; लक्ष्य ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने. लेखात आलेले ताट या आकड्यांशेजारी ठेवले की बोलायला मुद्दा आपोआप सापडतो.

द्राक्षांवरच्या लेखातही हीच दृष्टी ठेवा. निर्यातीचे कौतुक वाचताना लक्षात असू द्या, की २०१० मध्ये युरोपने वाढनियंत्रक रसायनाच्या अंशांमुळे भारतीय द्राक्षे नाकारली होती. परदेशी ग्राहकासाठी जी तपासणी होते, ती आपल्या बाजारातल्या द्राक्षांची होते का, हा प्रश्न प्रतिक्रियेत यायलाच हवा.

पर्यावरण: 'माणसाचा स्वार्थ' हे कारण पुरत नाही

नदीवरच्या लेखांना सर्वात जास्त ठोकळेबाज प्रतिक्रिया मिळतात. गोदावरी अस्वच्छ आहे म्हणता, तर कशाने, कुठे आणि कधी? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांनुसार आंघोळीच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम हवा आणि बीओडी ३ मिलिग्रॅमच्या वर नको. पाण्यातला सेंद्रिय मैला कुजवताना जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो, ते बीओडीवरून कळते. पाणी डोळ्यांना नितळ दिसले तरी हा आकडा जास्त असू शकतो. म्हणून 'पाणी स्वच्छ दिसले' एवढेच लिहा, 'स्वच्छ होते' असे लिहू नका.

आकडा उचलताना जागा आणि दिवस बघा. गंगापूर धरणाजवळचा नमुना आणि शहराचे सांडपाणी मिसळल्यानंतरचा नमुना यांची सरासरी काढून काहीच हाती लागत नाही. सिंहस्थाच्या पर्वणीच्या दिवसाची तुलना साध्या दिवसाशी करायची असेल, तर तसे स्पष्ट सांगा.

पाणवेलींचे उदाहरण घ्या. नदीवर हिरवा थर दिसला की 'पाणवेली काढा' असे लिहून मोकळे होतात. पण सांडपाण्यातून येणाऱ्या नत्र आणि स्फुरदावर ती वाढते. काढली तरी खाद्य येत राहिले तर ती परत येते. लेख फक्त काढण्याच्या मोहिमेबद्दल असेल, तर तुमची प्रतिक्रिया इथून सुरू होऊ शकते.

पुराबद्दल लिहिताना गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीचा उल्लेख जरूर करा, पाणी कुठवर चढले हे नाशिककर त्यावरूनच सांगतात. मात्र ती पाण्याची उंची झाली. धरणातून किती क्युसेक सोडले हा विसर्ग झाला. दोन्ही एकाच वाक्यात मिसळले की वाचणाऱ्याचा गोंधळ उडतो.

संस्कृती: अभिमानाच्या पलीकडे एक प्रश्न

रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे जमिनीतले हौद, उघडतात, त्यावर लेख वाचला तर फक्त 'आपली थोर परंपरा' लिहू नका. रहाड उघडण्याआधीचे काम कोण करते, उडी कोण घेते, बायका कुठे असतात, वर्षभर ती जागा कशी राखली जाते? लेखकाने यातले काय टिपले आणि काय सोडले, ते सांगा. पंचवटीबद्दल लिहिताना काळाराम मंदिराच्या शिल्पासोबत २ मार्च १९३० ला त्याच्या दाराशी सुरू झालेला प्रवेशाचा सत्याग्रहही आला पाहिजे. याच जिल्ह्यातल्या येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. शहराच्या संस्कृतीवर लिहिताना हा भाग गाळला तर प्रतिक्रिया अर्धवट राहते, असे आमचे ठाम मत आहे.

शिक्षणावरच्या लेखांत सर्वेक्षणांचे आकडे येतात. तिथे एकच काळजी घ्या: पाहणी कोणाची केली? 'असर' या शैक्षणिक अहवालाचे नेहमीचे सर्वेक्षण ग्रामीण भागात, घरोघरी जाऊन होते. तो आकडा नाशिक शहरातल्या कॉलेज रोडवरच्या शाळांना लावता येत नाही.

आता लिहा

पाचशे शब्दांची मर्यादा असेल तर सारांशाला ऐंशीच्या वर शब्द देऊ नका. निवडलेले वाक्य आणि त्यावरची भूमिका शंभरात बसवा. दोनशे ते अडीचशे शब्द पुराव्याला द्या, म्हणजे तुमची पाहणी आणि ठरलेले प्रमाण किंवा तारीख. उरलेल्यात लेखाला विचारायचा प्रश्न आणि तुमचे मत कुठे डळमळीत आहे ते लिहा. आकडा दुसरीकडून हवा असेल तर गूगलवरच्या पहिल्या निकालावर थांबू नका. १८४० पासून चालत आलेल्या सार्वजनिक वाचनालयासारख्या ठिकाणी मूळ अहवाल किंवा जुने अंक मिळतात का ते विचारा.

कच्चा मसुदा एक रात्र ठेवून मोठ्याने वाचा. 'छान', 'सुंदर', 'विचार करायला लावणारे' हे शब्द खोडा आणि वाक्य उभे राहते का बघा. पडले, तर तिथे पुरावा नव्हता. पहिले वाक्य 'सदर लेखात लेखकाने' असे सुरू होत असेल तर ते काढून दुसऱ्या वाक्यापासून सुरुवात करा. बहुतेक वेळा काही बिघडत नाही. शेवटी अवतरण मूळ लेखाशी अक्षर न् अक्षर जुळवा आणि पान क्रमांक तपासा.