ऊसतोडीला जाताना लेकरू मागे ठेवावे लागत असेल तर

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागातल्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघू लागतात आणि गुढीपाडव्याच्या मागेपुढे परततात. मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि उचलही (आगाऊ रक्कम) त्याच हिशेबाने मिळते; लेकराचा रकाना त्या वहीत नसतो. त्यामुळे घरात तान्हे किंवा दुडदुडणारे मूल असलेल्या प्रत्येक जोडप्याला त्याला फडावर न्यायचे की आजीजवळ ठेवायचे, हे ठरवावे लागते. ज्यांना मागे ठेवण्यावाचून गत्यंतर नाही, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. ज्या आज्यांना वाचता येत नाही, त्यांना अंगणवाडी सेविकेने किंवा गुरुजींनी ते वाचून दाखवावे.

सर्वांत आधी वयाचा विचार करावा. सहा-सात महिन्यांपर्यंत मूल बहुधा कोणाच्याही कडेवर जाते. त्यानंतर ते ओळखीचे आणि परके असा भेद करू लागते, आणि साधारण दहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान माणूस डोळ्यांआड झाले की होणारा त्याचा आकांत सर्वाधिक तीव्र असतो. दिसेनाशी झालेली माय कुठेतरी आहे एवढे त्याला उमगलेले असते, पण ती किती दिवसांनी येणार हे समजण्याइतकी काळाची जाण आणि भाषा त्याच्यापाशी नसते. म्हणून अंगावर पिणारे आणि दोन वर्षांच्या आतले मूल शक्यतो बरोबर न्यावे, असे माझे मत आहे. कोपीतली (फडावरच्या तात्पुरत्या झोपडीतली) थंडी, चुलीचा जाळ आणि फडात फिरणारे ट्रॅक्टर यांचा धोका मला ठाऊक आहे, आणि आठ वर्षांच्या बहिणीच्या भरवशावर बाळाला बांधावर सोडणे हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण ती बहीणही लेकरूच आहे. मूल बरोबर नेणार असाल तर लसीकरणाचे कार्ड सोबत ठेवावे आणि कारखान्याजवळच्या गावात पोहोचताच तिथल्या अंगणवाडीत चौकशी करावी.

मागे ठेवायचे ठरले, तर मनातली अपराधी भावना थोडी बाजूला ठेवून एक गोष्ट समजून घ्यावी. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात, बाळाच्या मानसिक आरोग्यासाठी आईचा, किंवा कायमपणे आईची जागा घेणाऱ्या व्यक्तीचा, जिव्हाळ्याचा आणि अखंड सहवास आवश्यक मानला होता. यातला ‘किंवा’ आपल्या कामाचा आहे. आजी ही जागा घेऊ शकते. मात्र ती एकच आणि ठरलेली असावी. दोन महिने आजीकडे, एक महिना आत्याकडे, मग पुन्हा मामाकडे, अशी ओढाताण झालेल्या मुलाला नेमके कोणावर विसंबावे हे कळत नाही.

ही जागा निघण्याच्या दिवशी एकाएकी हाती देता येत नाही, ती किमान तीन-चार आठवडे आधीपासून हळूहळू सोपवावी लागते. सुरुवातीला माय जवळ असतानाच आजीने भरवावे आणि न्हाऊ घालावे, नंतर मायने तासाभरासाठी शेतात जाऊन यावे, आणि शेवटच्या आठवड्यात रात्री आजीच्या कुशीत निजवावे. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी १९५४-५५ मध्ये युगांडातल्या खेड्यांत माय-लेकरांचे निरीक्षण केले, तेव्हा ज्या आयांना आपल्या बाळाच्या बारीकसारीक सवयी सांगता येत होत्या, त्यांची बाळे अधिक निर्धास्त असल्याचे त्यांच्या लक्षात आले. म्हणून मायने आजीला नुसते ‘सांभाळा’ म्हणू नये, तर भाकरी दुधात कुस्करलेली चालते की वरणात, झोप आली की ते कान ओढते की डोळे चोळते, रात्री दचकून उठले की पाणी मागते की पाठीवरून हात, हे सगळे सांगावे. आजीला यातले बरेच माहीत असेल, तरी सांगावे.

निघतानाची एक रीत मात्र मोडायला हवी. लेकरू झोपलेले असताना, पहाटेच्या अंधारात, आवाज न करता गाडीत बसायचे, कारण ‘रडणे बघवत नाही’. एका वस्तीवर अशा पहाटेनंतरची सकाळ मी पाहिली आहे. दोन वर्षांची पोर उठली, तिने आधी बाजेखाली पाहिले, मग रांजणामागे, मग न्हाणीचा पडदा सरकवला, आणि पुन्हा बाजेपाशी येऊन तोच फेरा धरला. त्यानंतर कितीतरी दिवस ती झोपायलाच घाबरत होती, कारण झोपले की माणूस जाते, एवढेच ती शिकली होती. म्हणून मूल जागे असताना, त्याला कडेवर घेऊन, ‘मी ऊस तोडायला चाललेय, आजी इथंच आहे, मी परत येणार आहे’ असे साध्या शब्दांत सांगून निघावे. ते रडेल, पण त्या वेळी त्याला पोटाशी धरायला आजी असेल. मायचे वापरलेले, न धुतलेले लुगडे त्याच्या गोधडीवर टाकून ठेवावे. त्या वासाचा आधार पुष्कळ दिवस पुरतो.

पुढचे काही आठवडे आजीने जास्त सावध असावे लागते. बोल्बींचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी त्याच सुमारास इंग्लंडमधल्या रुग्णालयांत आईवडिलांपासून दुरावलेल्या लहान मुलांचे निरीक्षण केले, तेव्हा त्यांना तीन अवस्था दिसल्या: आधी आकांत, मग खिन्नता, आणि शेवटी अलिप्तता. या तिसऱ्या अवस्थेतले मूल शांत असते, खाते-पिते, कोणाकडेही जाते, आणि आपण समाधानाने म्हणतो, ‘रमलं बाई!’ रडणारे मूल अजून कोणीतरी येईल या आशेवर रडत असते. ज्याने रडणेच सोडले, त्याच्याकडे आजीने अधिक लक्ष द्यावे. त्याने हाक मारली की ओ द्यावी, त्याने बोट दाखवले की तिकडे पाहून त्या वस्तूचे नाव घ्यावे, आणि मायचे नाव घरात रोज निघू द्यावे. बोलता येणारे शब्द बोलेनासे झाले, वजन घटू लागले किंवा मूल दिवसभर एका कोपऱ्यात बसू लागले, तर अंगणवाडी सेविकेच्या कानावर घालून डॉक्टरांना दाखवावे. ‘रडशील तर माय येणारच नाही’ ही धमकी चुकूनही देऊ नये, बागुलबुवा परवडला.

फोन ठरलेल्या वेळी करावा, शक्यतो रोज, मग तो दोन मिनिटांचा का असेना. फोन ठेवल्यावर मूल रडते म्हणून फोनच बंद करणारी घरे पुष्कळ आहेत, पण ते रडणे म्हणजे आठवण शाबूत असल्याची खूण आहे. फार लहान मुलाला फोनच्या पडद्यावरच्या मायशी काय बोलावे ते सुचत नाही, तेव्हा प्रश्न विचारत बसण्यापेक्षा निजवताना म्हणायचे तेच गाणे तिने फोनवर म्हणावे.

पाडव्याला परतल्यावर लेकरू धावत येऊन गळ्यात पडेल, अशी आस प्रत्येक मायला असते. बहुतेक वेळा ते आजीच्या पदराआड जाते, तोंड फिरवते, क्वचित फटकाही मारते. अशा वेळी ‘मला विसरलास का रे?’ असे म्हणून ओढून घेऊ नये आणि शेजारणींनी हसून मायला हिणवू नये. तिने आजीच्या शेजारी बसावे, हातात खाऊ घेऊन वाट पाहावी आणि मूल आपणहून जवळ येईपर्यंत थांबावे. ते जवळ आल्यावर पुढचे महिनाभर ते सतत चिकटून राहील, न्हाणीत जाऊ देणार नाही, रात्री पदराचे टोक मुठीत धरून झोपेल. ते सोडवू नये. आजीलाही त्याच्यापासून लगेच तोडू नये, कारण सहा महिने तीच त्याची माय होती. पहिले पंधरा दिवस दोघींनी एकाच ताटात त्याला भरवावे आणि बाज आजीच्या ओसरीवरच ठेवावी.