चेहरा भाजला? डोळ्यांच्या बाबतीत या चुका टाळा

हिवाळ्यात जळगाव-यावलकडे शेतात भरीत पार्ट्या सुरू होतात. वांगी भाजायच्या पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळक्या काड्या) ओलसर निघाल्या की कुणीतरी पेट्रोल शिंपडतं आणि भडका तोंडावर येतो. मग सगळ्यांचं लक्ष गालाकडे, डोळ्यांकडे कुणाचंच नाही.

सगळ्यात महागात पडते ती डोळे तपासण्यातली दिरंगाई. काही तासांतच पापण्या इतक्या सुजतात की डोळा उघडता येत नाही. "सूज उतरू द्या, मग बघू" म्हणेपर्यंत बुबुळावरची जखम चिघळू शकते. भुवया किंवा पापण्यांचे केस जळाले असतील तर आग डोळ्यापर्यंत पोचली होती असंच धरा, दिसत असलं तरी. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यासारख्या दूरच्या भागातून निघालात तर रस्त्यातच वेळ जातो, म्हणून 108 लवकर बोलवा आणि पोचताच सांगा, "डोळे आत्ताच बघा." डॉक्टर डोळ्यात केशरी रंगाचं औषध घालून निळा उजेड टाकतात, सोललेली जागा हिरवी चमकते.

तोवर चेहऱ्यावर वीसेक मिनिटं साधं गार पाणी सोडा. बर्फ, तूप, हळद, टूथपेस्ट काहीही नको. डोळा चोळायचा नाही. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढा.

चुन्याची गोष्ट वेगळी. तंबाखूच्या चुन्याची पुडी पोराने दाबली की ती थेट डोळ्यात फुटते. चुना ॲसिडपेक्षाही खोल उतरतो, त्यामुळे इथे गाडी शोधत बसणं हीच चूक. आधी घरीच तांब्याने पाणी ओता, निदान अर्धा तास, नाकाकडून कानाकडे, म्हणजे दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. लिंबू पिळू नका. वरच्या पापणीखाली चुन्याचे कण चिकटून राहतात आणि जाळत राहतात. दवाखान्यात पापणी उलटवून साफ करायला सांगा.

घरी आल्यावर निर्धास्त होणं ही मला सर्वांत जास्त खटकणारी चूक. जखम भरताना कातडी आकसते, पापणी ओढली जाते, डोळा पूर्ण मिटत नाही. बुबुळ कोरडं पडतं, तिथे फूल पडू शकतं. हे कळायला काही आठवडे लागतात, म्हणून माणूस झोपल्यावर घरच्यांनीच बघावं: पापण्यांच्या फटीतून पांढरं दिसतंय का? दिसलं तर लगेच नेत्रतज्ज्ञांकडे न्या. धुळे आणि जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. मेडिकलवरून मनाने स्टेरॉइडचे थेंब आणू नका. डोळ्यात रात्री घालायला दिलेलं मलम डॉक्टर सांगतील तोपर्यंत चालू ठेवा, आणि पापणी सोडवायचं ऑपरेशन सुचवलं तर लग्नसराई संपायची वाट बघू नका.