शंटिंगचं इंजिन सांध्यावर अडकतंय? या चुका टाळा

लहानपणी सुट्टीत दौंडला मामाकडे जायचो तेव्हा माझा सगळा वेळ यार्डाच्या कुंपणापाशी जायचा. मेल-एक्सप्रेस यायच्या, धडधडत निघून जायच्या, पण शंटिंगचं इंजिन दिवसभर तिथेच असायचं, ही वाघीण, म्हणजे मालाचा डबा, ढकल, ती ओढ, थांब, परत मागे. ते डब्ल्यूडीएस-६ होतं हे नंतर कळलं, आणि त्याच्या पोटात अमेरिकेतल्या अल्को घराण्याचं सहा सिलेंडरचं इंजिन असतं हे तर अजून नंतर. आता न्यू जर्सीत राहतो, बेसमेंटमधे आठ फुटांची फळी आहे, त्यावर मॉडेल रेल्वेचं, एचओ स्केलचं, म्हणजे खऱ्याच्या १:८७ आकाराचं छोटं यार्ड आणि पाच स्विचर. इकडे शंटरला स्विचर म्हणतात. अल्को एस-२ सगळ्यात लाडकं, पण सगळ्यात जास्त चालतं ते ईएमडी या दुसऱ्या अमेरिकन कंपनीचं एसडब्ल्यू१२००. खरं इंजिन साधारण ४४ फूट, आपल्या हातात येतं ते जेमतेम साडेपंधरा सेंटिमीटर.

या छोट्या इंजिनांवर जीव असणारे बरेच जण मला विचारतात की अरे मोठं इंजिन त्याच रुळांवर मस्त पळतं मग हेच का अडकतं? बहुतेक वेळा इंजिन बिघडलेलं नसतंच. मोठं इंजिन वेगात असतं, त्यामुळे रुळांतून चाकांवाटे मिळणारा करंट क्षणभर तुटला तरी ते पुढे निघून जातं, स्विचर हळू चालतं म्हणून तेवढ्याच धुळीच्या ठिपक्यावर थांबतं.

तेव्हा पहिली चूक म्हणजे इंजिन लगेच उघडणं. त्याआधी एक साधं काम करा, जिथे अडकतं तिथे खूण करा, मग इंजिन उचलून उलट्या तोंडाने ठेवा आणि परत चालवा. त्याच जागी अडकलं तर दोष रुळात, जागा बदलली तर इंजिनात. एवढ्याने निम्मा शोध संपतो.

रूळ आणि चाकं पुसली की बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात. पेपर टॉवेलची पट्टी रुळांवर आडवी टाका, त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब, मग एक बोगी, म्हणजे इंजिनाखालचा चाकांचा एक संच, पट्टीवर आणि दुसरी मोकळ्या रुळावर ठेवून इंजिन हाताने धरा आणि करंट द्या. चाकं जागच्या जागी फिरतात आणि कागदावर काळ्याकुट्ट दोन रेघा उमटतात. पट्टी सरकवत राहा, रेघ फिकी होईपर्यंत, मग बाजू बदलून दुसरी बोगी. पहिल्यांदा केलं तेव्हा एवढा मळ बघून मी चाटच पडलो, कारण चाकं वरून चकचकीत दिसत होती. आणि प्लीज, सँडपेपर नको, त्याने बारीक ओरखडे पडतात आणि मळ त्यातच जाऊन बसतो.

आता सांधा, म्हणजे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळते ती जागा. सांध्यात दोन रूळ जिथे एकमेकांना छेदतात तो तुकडा म्हणजे फ्रॉग, तो प्लॅस्टिकचा असेल तर तेवढ्या जागेत करंट नसतो. एसडब्ल्यू१२०० ची एक बोगी खऱ्यात ८ फुटांची, मॉडेलमधे २८ मिलिमीटर. ती बोगी फ्रॉगवर आली की करंट घेण्याचा सगळा भार दुसऱ्या बोगीच्या चार चाकांवर, आणि त्यातल्या एका बाजूची चाकं मळलेली असली की इंजिन जागेवरच. दोनच आसांच्या इंजिनाचे हाल तर विचारूच नका. कायमचा उपाय म्हणजे धातूचा फ्रॉग घ्यायचा आणि सांध्याच्या मोटरच्या स्विचवरून किंवा फ्रॉग ज्यूसरने, म्हणजे फ्रॉगला योग्य करंट आपोआप देणाऱ्या छोट्या सर्किटने, त्याला करंट द्यायचा. वायरिंगला एक रविवार जातो पण नंतर वर्षानुवर्षं सुख. लोक त्याऐवजी इंजिनात कीप-अलाइव्ह कपॅसिटर, म्हणजे करंट तुटला तरी क्षणभर इंजिन चालू ठेवणारा, बसवतात, तोही चांगलाच आहे, मी दोन इंजिनांत बसवलाय, फक्त तो लावून सफाई बंद करू नका, आणि प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर, म्हणजे सेटिंग बदलायच्या वेगळ्या रुळावर, डिकोडर (इंजिनातलं हुकूम ऐकणारं सर्किट) नीट उत्तर देत नसेल तर आधी कपॅसिटर सोडवून बघा, डिकोडर जळाला असं लगेच समजू नका.

तेलाबद्दल एकच सांगतो, प्लॅस्टिकला चालणारं तेल घ्या आणि सुईच्या टोकावर मावेल एवढंच लावा. जास्तीचं तेल चाकांवर उतरतं, चाकांवरून रुळांवर, आणि मग सफाईचं चक्र पहिल्यापासून.

एक दुखणं मात्र खरंच इंजिनातलं असतं, ते ओळखायला मला महिना लागला. सेकंडहँड घेतलेलं एक जुनं मॉडेल चालताना टिक... टिक... टिक करायचं, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा, आणि सांध्यावर आलं की हमखास घसरायचं. मी रूळ तपासले, सांधा बदलला, काही उपयोग नाही. शेवटी बोगीचं खालचं झाकण काढून टॉर्च आणि भिंग घेऊन पाहिलं तर आसावरच्या गिअरमधे, दोन दातांच्या मधे, केसाएवढी चीर. प्लॅस्टिक वर्षांनी आकसतं, आतला धातूचा आस आकसत नाही, मग गिअर तडकतो. चीर दातांच्या मधे आली की तिथे अंतर वाढतं, म्हणून ती टिकटिक, आणि चाकं आसावर सैल होतात म्हणून घसरणं. डिंक लावून हे टिकत नाही, गिअरच बदला, आणि बसवताना चाकांमधलं अंतर एनएमआरएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेच्या, पत्र्याच्या गेजने तपासा. हे गेज प्रत्येकाकडे हवंच, कपलरची, म्हणजे डबे जोडणाऱ्या आकड्याची, उंचीही त्यानेच कळते. कपलरखाली लोंबणारी तार रुळाला घासत असेल तर तीही सांध्यावर अडकते, पक्कडीने जरा वर वाकवा.

डीसीसी वाल्यांची, म्हणजे रुळांतून डिजिटल हुकूम देऊन इंजिन चालवणाऱ्यांची, नेहमीची तक्रार, इंजिन सुरू होताना उडी मारतं. सीव्ही म्हणजे डिकोडरमधली नंबर दिलेली सेटिंग. सीव्ही २ म्हणजे सुरुवातीचा व्होल्टेज, तो जास्त असतो. १ पासून एकेक वाढवत जा आणि पहिल्या स्पीड स्टेपला इंजिन जेमतेम सरकेल तिथे थांबा. सीव्ही ३ आणि ४ मधे थोडा आकडा टाका म्हणजे वजनदार इंजिनासारखं हळूहळू निघेल आणि थांबेल. सगळंच बिघडलं तर बऱ्याच डिकोडरमधे सीव्ही ८ मधे ८ लिहिलं की कंपनी सेटिंग परत येतं आणि इंजिनाचा पत्ता, म्हणजे त्याला बोलवायचा नंबर, ३ होतो. हे विसरून मी अर्धा तास जुन्या नंबरवर इंजिनाला बोलवत बसलो होतो.

वेग किती ठेवायचा? माणसाच्या चालीने, ताशी ४ मैलांनी, शंटिंग करायचं तर ३० सेंटिमीटरला साधारण १५ सेकंद लागले पाहिजेत. घड्याळ लावून बघा, बहुतेकांना हे फारच हळू वाटतं, पण खरं शंटिंग असंच दिसतं.

वाघिणी हलक्या असल्या तरी दोष इंजिनावर येतो. ढकलताना रिकामी प्लॅस्टिकची वाघीण उचलली जाते आणि घसरते. एनएमआरएचा हिशोब एचओला सोपा आहे, आधी १ औंस आणि मग लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस, म्हणजे ६ इंचाच्या वाघिणीला ४ औंस, साधारण ११३ ग्रॅम. आत नट-बोल्ट चिकटवले तरी चालतात.

दुरुस्ती झाली की मी इंजिन गोल ट्रॅकवर पळवत नाही, इंगलनुकवर लावतो. इंग्लंडच्या अ‍ॅलन राइटचा खेळ, तीन सायडिंग, त्यात ५, ३ आणि ३ वाघिणींची जागा, एकूण ८ वाघिणी. चिठ्ठ्या काढून ५ वाघिणींची गाडी त्याच क्रमाने लावायची. चिठ्ठ्या माझी मुलगी काढते. सांध्यावरून पुढे-मागे इतक्या फेऱ्या होतात की कुठे करंट तुटत असेल, कपलर सुटत असेल तर दहा मिनिटांत कळतंच, आणि परवा अल्को एकदाही न थांबता पाचवी वाघीण लावून आलं.